रजिस्टर पोस्टाने पाठवलेली खात्री

आनंदराव खंते यांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकही गोष्ट खात्रीनं सांगितली नव्हती, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. "आज बुधवार ना हो?" असं कुणी विचारलं, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघून म्हणत, "दिसतो तर बुधवारच. पुढे दत्तमहाराजांची इच्छा." हा भित्रेपणा नव्हता, भक्ती होती. लहानपणापासून ते कीर्तनाच्या पहिल्या रांगेत बसत आलेले. 'मी करीन' असं म्हणणाऱ्या माणसाचं उत्तररंगात काय होतं, हे त्यांनी शेकडो वेळा डोळ्यांत पाणी आणून ऐकलं होतं. रावण म्हणाला, कंस म्हणाला, हिरण्यकशिपू म्हणाला. त्या यादीत खंते हे नाव घालायची त्यांची तयारी नव्हती.

पण साहेब लोक कीर्तनाला बसत नाहीत. कचेरीत अधीक्षकाच्या जागेची मुलाखत झाली. चाळीस कारकून सांभाळता येतील काय, असं साहेबांनी इंग्रजीत विचारलं. हेडक्लार्क आनंदरावांनी हात जोडून वर बघितलं. वर पंखा होता. साहेबांनीही पंख्याकडे बघितलं, त्यांना त्यात काही दिसलं नाही, आणि मुलाखत संपली. जागा मिळाली सहा वर्षांनी ज्युनिअर असलेल्या एका गृहस्थाला. त्याला फाइल सापडत नसे, पण तो "येस सर" असं म्हणे की टेबलावरच्या टाचण्या हलत. तो सहा महिन्यांत बदलून गेला, जागा पुन्हा रिकामी झाली आणि पौष महिन्यात पुन्हा मुलाखत ठरली.

"तुम्हाला येत नाही असं नाही," सुहासिनीबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "तुम्ही 'येतं' असं म्हणूनच नाही राहिले. बोहल्यावर भटजींनी विचारलं तेव्हाही तुम्ही 'बहुतेक' म्हणाले होते. मी ऐकलं होतं."

शेजारचे नत्थूजी दारातच उभे होते. ते हिंगण्याच्या कारखान्यात फोरमन. दुसऱ्याच्या अडचणीत त्यांना स्वतःच्या घरच्यासारखं वाटे. ते म्हणाले, "वहिनी, इलाज हाये यावर. इंग्रजी. मराठीत माणूस ठासून बोलला तर लोक म्हणतात, याले माज आला. इंग्रजीत बोलला तर म्हणतात, शिकेल हाये."

अशा रीतीनं आनंदराव सीताबर्डीवर मनोहरराव सरांच्या क्लासात दाखल झाले. हे सर निवृत्त हेडमास्तर, आणि त्यांनी 'आत्मविश्वासाची एकवीस इंग्रजी वाक्ये' असा अभ्यासक्रम स्वतः काढला होता. वही गुलाबी होती. पहिल्या पानावर 'डेफिनेटली', पाचव्यावर 'विदाउट फेल', नवव्यावर 'रेस्ट अश्युअर्ड', तेराव्यावर 'देअर इज नो डाउट अबाउट इट', आणि अगदी शेवटी, पदवीदान समारंभासारखं, 'कन्सिडर इट डन'. सर छडी नसतानाही छडी असल्यासारखा हात हलवत. ते म्हणत, "खंते, हनुवटी वर. वाक्य म्हणायचं आणि गप्प बसायचं. खुलासा नाही करायचा! माणूस खुलासा करायला लागला की खात्री संपली."

हा नियम आनंदरावांनी वहीत लाल शाईनं लिहून घेतला. पुढे जे झालं त्याचं बी इथं पडलं, म्हणून वाचकांनीही तो ध्यानात ठेवावा.

सराव घरीच सुरू झाला. सुहासिनीबाईंनी "येताना मेथी आणता काय?" विचारलं की "विदाउट फेल!" असं उत्तर येई, आणि मेथी येत नसे. दूधवाल्यानं "उद्या पाणी कमी घालीन" म्हटलं की आनंदराव म्हणत, "आय हॅव नो डाउट." दूधवाल्याला वाटे आपली स्तुती झाली. घरात एक नवीन वारं आलं होतं. आनंदराव आंघोळीहून बाहेर येतानाही असे येत, की आत काहीतरी मंजूर करून आले आहेत. आणि खरं सांगायचं तर सुहासिनीबाईंना ते आवडत होतं. त्या मेथी स्वतः आणत, पण आवडत होतं.

आता दत्तमंदिराकडे वळलं पाहिजे. महालातल्या त्या गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं मंदिर, आणि आनंदराव अकरा वर्षं त्याचे चिटणीस. कारण उघड होतं. त्यांनी कधी कुणाला विरोध केला नव्हता. दत्तजयंतीला तिथं कीर्तन होई, पण कसं, तर कुणी मिळेल त्याचं. उमरेडचे रुपरावबुवा हे खरे कीर्तनकार. आवाज असा, की मध्यलय धरली तर समईची ज्योत ताठ उभी राही. आनंदराव त्यांना दरसाल कार्ड टाकत. त्यात लिहीत, 'जमल्यास यावे, न जमल्यास दत्तेच्छा.' आणि दरसाल दुसऱ्या एखाद्या गावाचं कार्ड येई, त्यात नुसतं 'यावे' असं असे. बुवा तिकडे जात. यात बुवांचा काय दोष?

मंदिरासमोरच्या घरात भीमाबाई राहत. वय ब्याऐंशी, कमरेचं हाड मोडून दोन वर्षं झालेली, उंबऱ्याच्या बाहेर पाऊल नाही. पण कान शाबूत. त्यांनी लहानपणी रुपरावबुवांच्या वडिलांचं कीर्तन ऐकलं होतं, आणि आता लेकाचं ऐकायचं एवढंच त्यांचं म्हणणं उरलं होतं. कार्तिकात एक दिवस आनंदराव त्यांच्या खिडकीखालून जात होते, तेव्हा वरून आवाज आला.

"आनंदा, औंदा तरी येईन का गा बुवा? येत नसन तर तसं सांगून दे. तीन सालापासून मी उगाच वाट पाहून राहिली."

जुने आनंदराव असते, तर त्यांनी वर आभाळाकडे हात केला असता. पण आदल्या दिवशीच सतरावं पान झालं होतं. हनुवटी वर गेली.

"भीमाबाई, हंड्रेड परसेंट!"

भीमाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण हनुवटी दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावून खुर्चीला दोन्हीकडून बांबू लावून घेतले, म्हणजे चार माणसांना उचलता यावी. पेटीतलं इरकली लुगडं बाहेर काढून उन्हात टाकलं. कचेरीला जाता जाता आनंदरावांनी ते लुगडं दांडीवर बघितलं आणि प्रथमच हिशेब मांडला. मुलाखत चुकली तर पगारवाढ जाते. हे चुकलं तर काय जाईल, याचा त्यांना नीट अंदाज करवेना.

खात्रीचा एक गुण असा, की ती एका जागी थांबत नाही. आनंदरावांनी समितीत "देअर इज नो डाउट" म्हटलं, आणि नत्थूजींनी हिंगण्याची आख्खी दुसरी पाळी बोलावली. मांडव दुप्पट झाला. पोलीस चौकीत लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज होता, त्यात 'कार्यक्रम निश्चित आहे काय?' असा रकाना होता. आनंदरावांनी तिथं 'अब्सोल्यूटली' लिहिलं. जमादारानं ते तीनदा वाचलं आणि म्हणाला, "इथं 'होय' किंवा 'नाही' लिहा लागते." आनंदराव म्हणाले, "होयच्याही पलीकडचं आहे ते." जमादारानं अर्ज वरच्या साहेबाकडे पाठवला. साहेबानं खाली पाठवला. चार चकरा झाल्या. शेवटी जमादारच कंटाळून शिक्का मारता झाला.

इकडे बुवांना नेहमीसारखं कार्ड गेलं होतं, आणि या खेपेस "येतो, दत्तकृपा" असं उत्तरही आलं होतं. कुणाही शहाण्या माणसानं इथं हात धुवून जेवायला बसावं. पण ज्याच्या हाती नवी करवत येते त्याला घरातलं प्रत्येक फळकूट लांब दिसायला लागतं. आनंदरावांना वाटलं, कार्ड म्हणजे काय, नुसता कागद. पक्कं केलं पाहिजे. इंग्रजीत केलं पाहिजे. टाइप केलं पाहिजे.

ते पत्र त्यांनी कचेरी सुटल्यावर टाइपरायटरवर स्वतः ठोकलं. त्याचा मराठीत अर्थ असा होता:

'महोदय, आपण निश्चिंत असावे. याबद्दल तिळमात्र शंका नाही. आपण दिनांक अमुक रोजी दुपारी तीन वाजता नागपूर येथे न चुकता हजर राहालच. माझा शब्द प्रमाण मानावा. झालेच असे समजावे.'

झालं. मनोहरराव सरांचा नियम तंतोतंत पाळला होता. खुलासा कुठंही नव्हता. मंदिर नव्हतं, कीर्तन नव्हतं, दत्तही नव्हता. सगळी नुसती खात्री. खाली इंग्रजीत, कुणालाही नाव लागणार नाही अशी वळणदार सही केली. आणि वीस वर्षं ज्या हातानं सहीनंतर शाईच्या पॅडकडे जायचं तो हात याही वेळी गेला. सहीखाली 'हेड क्लार्क, नागपूर' असा जांभळा शिक्का उमटला. तो त्यांना वाईट दिसला नाही. पत्राला वजन आल्यासारखं वाटलं.

मग पोस्टात जाऊन त्यांनी ते रजिस्टर केलं. पोच-पावतीसह.

आठवड्यानं पोच आली. त्यावर बुवांची थरथरती सही. आनंदराव ती पोच खिशात घेऊन गल्लीभर फिरले. समितीला दाखवली, जमादाराला दाखवली, भीमाबाईंच्या खिडकीखाली उभं राहून वर धरली. भीमाबाई म्हणाल्या, "हे काय हाय गा?" आनंदराव म्हणाले, "हे पक्कं झाल्याचं पक्कं." त्या दिवशी रात्री जेवताना ते दोन पोळ्या जास्त जेवले. सुहासिनीबाईंना नवऱ्याकडे बघून वाटलं, पंचवीस वर्षांपूर्वी हा माणूस बोहल्यावर असा उभा असता तर किती बरं झालं असतं. मग वाटलं, आता उभा आहे हेही काही कमी नाही.

दत्तजयंती आली. मार्गशीर्षातली गोड थंडी, मांडवात सतरंज्या, हिंगण्याची मंडळी बसमधून उतरलेली. तीनला बुवा येणार होते. पाचला कीर्तन उभं राहणार, आणि सूर्यास्ताला दत्तजन्म. हा जन्म पुढेमागे करता येत नाही. बाकी कीर्तन लांबवा, आवरा, पण सूर्य मावळताना पाळणा हललाच पाहिजे. अडीच वाजताच चार जणांनी भीमाबाईंची खुर्ची उचलून अगदी पुढे नेऊन ठेवली. इरकली लुगडं, कपाळाला बुक्का, हातात जपमाळ. गल्लीतल्या बायका त्यांच्या पाया पडून जात होत्या. देवाआधी त्यांचाच मान झाला म्हणा ना.

आणि पावणेतीनला पोस्टमन आला. दुपारच्या टपालात एक कार्ड होतं, उमरेडचा शिक्का.

'चिटणीस साहेबांस सा. न. वि. वि. कळविण्यास वाईट वाटते की आमच्या शेताच्या धुऱ्याच्या खटल्याची तारीख नेमकी दत्तजयंतीस लागली. नागपूरहून हेड क्लार्कचे रजिस्टर आले. हजर राहणे भाग. आम्ही सकाळपासून कोर्टात असू. कीर्तनास येणे होत नाही. दत्तमहाराज क्षमा करोत. रुपराव.'

आनंदरावांनी कार्ड एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि 'हेड क्लार्क' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. नागपुरात हेडक्लार्क बरेच होते. पण शेताच्या बांधावरून अकरा वर्षं खटला चालू असलेल्या म्हाताऱ्याला इंग्रजीत टाइप करून, शिक्का मारून, पोचपावतीनं 'न चुकता हजर राहा' असं लिहिणारा एकच होता.

सुहासिनीबाईंनी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं, आणि एवढंच म्हणाल्या, "जा. मी इकडे पाहते." मग नत्थूजींकडे वळून, "भाऊजी, स्कूटर काढा."

नत्थूजींची स्कूटर आडवी पाडल्याशिवाय सुरू होत नसे. ती त्यांनी मांडवासमोरच आडवी पाडली. हिंगण्याच्या पाळीनं कौतुकानं सल्ले दिले. पेट्रोल चढलं. गणेशपेठ, कॉटन मार्केट, संत्र्यांच्या गाड्यांमधून वाट काढत, पूल ओलांडून, सीताबर्डीवरून, शेवटी सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या झाडांखालून दोघं कोर्टाच्या आवारात शिरले तेव्हा घड्याळात पावणेचार झाले होते.

व्हरांड्याच्या बाकावर बुवा बसलेले. डोक्याला फेटा, मांडीवर दोन गाठोडी. एका गाठोड्यात खटल्याचे कागद, दुसऱ्यात झांजा. झांजांशिवाय बुवा कुठंही जात नसत, कोर्टातही.

"बुवा, चला!" आनंदराव धापा टाकत म्हणाले. "तारीख नाही आहे तुमची. ते पत्र माझं होतं."

बुवांनी गाठोडं सोडलं. मेणकापडात गुंडाळलेलं पत्र काढून मांडीवर ठेवलं. "हे? हे तुमचं?"

"माझं."

"तुम्ही न्यायाधीश हायेत काय?"

"नाही."

"मंग हे तुमचं कसं असन? आमच्या उमरेडले अर्ज लिहून देणारा हाय, मॅट्रिक पास. त्यानं वाचलं. म्हणे, बुवा, यात काम काय ते कुठंच लिहिलं नाही, अन् यायचंच हे पाच डाव लिहिलं हाय. असा कागद कोर्टाशिवाय कोणीच काढत नाही."

नत्थूजी मधे पडले. "अवो बुवा, यायनंच लिहिला तो. मी पोच पाहिली डोळ्यानं. यायले विचारा!"

"बुवा," आनंदराव म्हणाले, "मी खात्रीनं सांगतो..."

बुवांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. दया होती, आणि दया जास्त लागते. "आनंदराव, तुमचे कार्ड मी तीन सालापासून वाचून राहिलो. 'जमल्यास', 'न जमल्यास', 'दत्तेच्छा'. सज्जन माणूस हायेत तुम्ही. पण असा कागद तुमच्या हातून होणं नाही. तुम्ही उगाच माझ्यासाठी खोटं बोलून पाप घेऊ नका."

आनंदरावांनी वहीतली सगळी वाक्यं आठवून बघितली. "रेस्ट अश्युअर्ड, बुवा!" ते म्हणाले. बुवांनी पत्रावर बोट ठेवलं. "हेच लिहिलं हाय यात, अर्जवाल्यानं वाचून दाखवलं होतं." "टेक माय वर्ड फॉर इट!" बुवांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. आपल्याच खात्रीनं आपल्याला असं भिंतीला टेकवलेलं आनंदरावांनी कोणत्याच आख्यानात ऐकलं नव्हतं. रावणालासुद्धा रामाचा बाण लागला होता, स्वतःचा नाही.

"बरं, खिडकीवर विचारू," ते म्हणाले.

खिडकीच्या आत एक कारकून चष्मा पुसत होता. त्यानं रजिस्टर उघडलं, पानं उलटली, पुन्हा उलटली.

"आजच्या बोर्डावर नाव नाही दिसत."

"म्हणजे नाही ना?" आनंदरावांनी विचारलं.

"दिसत तर नाही."

"नक्की?"

कारकुनानं छताकडे बघितलं. तिथंही पंखा होता. "बहुतेक," तो म्हणाला.

"पाहा, बहुतेक म्हणाला," बुवा बाकावर पुन्हा बसत म्हणाले. "पुकारा झाल्याशिवाय मी हलत नाही, आनंदराव. मागं एक पुकारा चुकला होता, तं खटला तीन साल मागं गेला. तुम्ही जा. दत्ताले माझा दंडवत सांगा."

आनंदराव खिडकीतल्या त्या पुसट चष्म्याकडे बघत उभे राहिले. हा माणूस त्यांना चांगला ओळखीचा वाटला. त्याचा त्यांना राग आला नाही, उलट जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण मंदिरात बांबू लावलेल्या खुर्चीवर एक ब्याऐंशी वर्षांची बाई जपमाळ घेऊन बसली होती, आणि तिला तीन वर्षांत दिलेली सगळी 'बहुतेक' त्यांच्याच हातची होती.

चार वाजून गेले होते. आनंदराव व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले, आवारातल्या कडुनिंबाखाली गेले आणि वळून उभे राहिले. हनुवटी त्यांनी वर केली नाही. तीस वर्षं पहिल्या रांगेत बसून कीर्तनकारांच्या मागे ध्रुवपद म्हणणाऱ्या माणसाच्या छातीत आवाज असतोच, फक्त त्याला कधी एकट्यानं बाहेर यायचं काम पडलेलं नसतं.

"उमरेडचे रुपरावबुवाऽऽ! दत्तमंदिर, महालऽऽ! हाजिर होऽऽ!"

झाडावरचे कावळे उडाले. काळ्या कोटातल्या वकिलाचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला.

"उमरेडचे रुपरावबुवाऽऽ! हाजिर होऽऽ!"

आपलं काम कोण करतोय हे बघायला कोर्टाचा खरा पट्टेवाला बाहेर आला. आवाज ऐकून त्यानं नुसती मान डोलावली. जाणकार होता.

"रुपरावबुवाऽऽ! हाजिर होऽऽ!"

तिसऱ्या हाकेला बुवा उठले. अकरा वर्षांची सवय. दोन्ही गाठोडी काखेत मारून पायऱ्या उतरले आणि आनंदरावांसमोर येऊन उभे राहिले.

"पुकारा झाला," ते म्हणाले. "कोणत्या कोर्टात?"

"दत्ताच्या. सूर्य मावळायच्या आत हजर व्हायचं आहे."

बुवांनी दोन्ही गाठोडी खाली ठेवली. "आनंदराव, हा आवाज तुमचा हाय?"

"माझा आहे." पुढे दत्तेच्छा नाही, इंग्रजी नाही, काही नाही.

बुवांनी मेणकापडातलं पत्र पुन्हा एकदा बघितलं आणि घडी घालून आनंदरावांच्या खिशात ठेवलं. "मंग कागदही तुमचाच असन," ते म्हणाले. "आता पटलं."

पट्टेवाला मागून म्हणाला, "जा जा बुवा, लवकर जा. आज चारनंतर पुकारा नाही कोणाचाच." म्हणजे बुवांना तेही समाधान झालं.

स्कूटर कडुनिंबाखाली आडवी झाली. मग तिच्यावर नत्थूजी, मध्ये बुवा आणि दोन गाठोडी, मागे आनंदराव. झांजा प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या, त्यामुळे हॉर्नची गरज पडली नाही. वाटेत बुवांनी त्या पत्रातल्या एकेका वाक्याचा अर्थ विचारून घेतला. आनंदरावांनी मान खाली घालून सांगितला. प्रत्येक अर्थाला बुवा एवढे हसत, की नत्थूजींना तोल सांभाळावा लागे.

मंदिरात सुहासिनीबाईंनी बायकांना भजनाला बसवलं होतं. त्यांचे आवाज बसत आले होते. भीमाबाई चारदा विचारून झाल्या होत्या, "येऊन राहिले ना वं?" आणि चारही वेळा सुहासिनीबाईंनी "येऊन राहिले" एवढंच सांगितलं होतं. त्यांना कुठल्या क्लासाला जायची गरज कधी पडलीच नव्हती.

पाच वाजून पाच मिनिटांनी बुवा उभे राहिले. सूर्यास्ताला अर्धा तास. पूर्वरंग त्यांनी दहा मिनिटांत आवरला, आणि तरी त्यात एकही शब्द उणा वाटला नाही. गळ्यात हार पडला, बुक्का लागला, आणि उत्तररंगात अनसूयेचं आख्यान सुरू झालं. तिन्ही देव अतिथी होऊन दारात आलेले. नको ती अट घातलेली. अशा वेळी ती माउली काय म्हणाली?

बुवा थांबले. पेटी थांबली. सगळा मांडव पुढे झुकला.

"ती म्हणाली, देवाहो, बसा. तुम्ही म्हणता तसं होते." बुवांनी पहिल्या रांगेत, खाली बघणाऱ्या आनंदरावांकडे बोट केलं. "आमचे चिटणीस असते तं म्हणाले असते, कन्सिडर इट डन! अन् तिन्ही देवायले रजिस्टर गेलं असतं, पोचपावतीसहित! देव कोर्टात बसले असते!"

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पत्राची, शिक्क्याची, पुकाऱ्याची. मांडव असा हसला की बाहेर बंदोबस्ताला थांबलेला चौकीतला जमादार आत आला आणि तोही हसला. आनंदरावांचे कान लाल झाले. पण बुवा लगेच गंभीर झाले.

"हसा. पण ऐका," ते म्हणाले. "या माणसानं आज माझ्यासाठी कोर्टाच्या आवारात पुकारा केला. मी अकरा साल पुकारे ऐकून राहिलो. प्रत्येक पुकारा माझं काही ना काही घेऊन जायासाठी होता. देवाच्या दारी घेऊन जाणारा आज पहिला ऐकला."

आणि बाहेर, गल्लीच्या टोकावरून, सूर्य खाली गेला. बुवांनी झांज उंच केली. टाळी, घंटा, शंख, फुलं. पाळण्याची दोरी सुहासिनीबाईंनी भीमाबाईंच्या हातात दिली. भीमाबाईंनी ती ओढली ती अशी, की लुगड्याचा पदर खांद्यावरून घसरला तरी त्यांना भान नव्हतं. आनंदरावांनी हात जोडले. वर बघायचं त्यांना या वेळी आठवलंच नाही. समोरच सगळं होतं.

पौषात मुलाखत झाली. तेच साहेब, तोच पंखा, तोच प्रश्न. चाळीस कारकून सांभाळता येतील काय? मनोहरराव सरांची एकवीसच्या एकवीस वाक्यं तोंडावर होती. आनंदराव म्हणाले, "येस, सर." आणि थांबले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मार्चमध्ये आनंदराव अधीक्षक झाले. नवा शिक्का कचेरीतून आला त्या दिवशी सुहासिनीबाईंनी तो घरी मागवला, हळदीकुंकू वाहिलं आणि बजावलं, "हा कचेरीतच राहू द्या. मंदिराच्या कागदाजवळ आणायचा नाही." मग सगळ्या गल्लीला पेढे वाटताना प्रत्येक दारात "आमच्याकडे अधीक्षक झाले" असं, न विचारता, सांगितलं.

पुढच्या कार्तिकात आनंदरावांनी बुवांना साधं कार्ड टाकलं. त्यात दोन शब्द होते, 'बुवा, या.' आठवड्यानं उत्तर आलं. त्यात देवनागरीत, ठसठशीत बोरूनं, एकच शब्द लिहिलेला होता: 'डेफिनेटली.'

आनंदराव ते कार्ड घेऊन भीमाबाईंच्या खिडकीखाली गेले.

"काय लिवलं गा?" वरून आवाज आला.

"येतील, भीमाबाई."

मग भीमाबाई म्हणाल्या, "येतीन ना? बरं. मंग मीही थांबते दत्तजयंतीपर्यंत."

आणि सुताराला बोलवायला सांगितलं. खुर्चीचा एक बांबू सैल झाला होता.